थॉमस ग्रॅहम: चव्वेचाळिशीपर्यंत कधी सैन्यात न गेलेला स्कॉटिश जमीनदार सेनापती कसा झाला

नेपोलियनच्या काळातले ब्रिटिश सेनापती म्हटलं की आपल्याकडे एकच नाव पटकन आठवतं, वेलिंग्टन, आणि तेही बरोबरच आहे कारण हाच माणूस आधी आर्थर वेलस्ली म्हणून १८०३ मध्ये जालना भागातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला होता. पण नंतर स्पेनमध्ये याच वेलिंग्टनच्या हाताखाली त्याच्यापेक्षा वयाने एकवीस वर्षांनी मोठा असा एक स्कॉटिश म्हातारा लढत होता, त्याची गोष्ट आपल्याकडे जवळजवळ कुणालाच माहीत नाही. थॉमस ग्रॅहम, पुढे लॉर्ड लिनडॉक. जन्म १७४८, मृत्यू १८४३, म्हणजे पंच्याण्णव वर्षांचं आयुष्य, आणि त्यातली पहिली चव्वेचाळीस वर्षं या माणसाने युनिफॉर्म कधी घातलाच नव्हता.

आता विचार करा, चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, सैनिकी शिक्षण शून्य, हाताखाली एकही शिपाई नाही, आणि वीस वर्षांत तो लेफ्टनंट जनरल होतो, मधल्या काळात खासदारही असतो. हे झालं कसं? इंग्रजीत याची जी गोष्ट सांगतात ती प्रेमकथेची आहे, बायको गेली, त्याचं दुःख असह्य झालं आणि तो युद्धात उतरला. ती खरी आहे आणि खूप हलवून टाकणारी पण आहे. पण मला ती अर्धीच वाटते. बायको तर पुष्कळांची जायची त्या काळात, क्षयाने घरंच्या घरं रिकामी व्हायची. दुःखातून उठून थेट हजार माणसांची पलटण उभी करता येणं यासाठी जमीन लागते, पैसा लागतो, नातेवाईक लागतात आणि हे सगळं चालवून घेणारी एक पद्धत लागते. ती पद्धत समजली की ग्रॅहम समजतो, म्हणून दोन्ही अर्धी एकत्र सांगतो.

आधी घराणं. स्कॉटलंडच्या मधोमध पर्थशायर नावाचा परगणा आहे, तिथल्या बालगोवन इस्टेटीचे हे ग्रॅहम. वडील लॉर्ड नव्हते, स्कॉटलंडमध्ये ज्याला लेअर्ड म्हणतात तसे होते, म्हणजे मोठा जमीनदार, गावात मान, कुळं, शेतसारा सगळं आहे पण लॉर्ड ही पदवी नाही. आई मात्र लेडी क्रिश्चन होप, हॉपटाउनच्या अर्लची मुलगी, म्हणजे ती बाजू खऱ्या अर्थाने सरदार घराण्याची. थॉमस हा तिसरा मुलगा, मोठे दोघे भाऊ आधीच वारले म्हणून इस्टेट याच्याकडे आली. घरी शिकवायला काही काळ जेम्स मॅकफर्सन होता, तोच ज्याने ओशन नावाच्या प्राचीन कवीच्या म्हणून कविता छापून सगळ्या युरोपात खळबळ उडवली. मग ऑक्सफर्डचं क्राइस्ट चर्च कॉलेज, आणि १७६७ ला वडील गेले तेव्हा पोरगा अजून विशीतही नव्हता आणि सगळ्या जमिनीचा मालक झाला होता.

पुढची पंचवीस वर्षं त्याने जे केलं ते त्या वर्गाचे लोक करायचे तेच. युरोपभर फिरला, घोडे ठेवले, शिकार केली, शेतीत नवे प्रयोग केले, चांगल्या जातीची गुरं-घोडे आणले, बटाटा आणि टर्निपची लागवड वाढवली, १७८७ मध्ये लिनडॉकची इस्टेट विकत घेतली. आणि आपल्या लोकांना आवडेल अशी एक गोष्ट, स्कॉटलंडमध्ये नोंद असलेली पहिली क्रिकेट मॅच ३ सप्टेंबर १७८५ ला अलोआजवळच्या शॉ पार्कमध्ये झाली, सासरवाडीच्या जागेत, आणि त्यात थॉमस ग्रॅहम खेळला होता.

सासरवाडी म्हणजे कॅथकार्ट. लॉर्ड कॅथकार्ट हे रशियात ब्रिटनचे राजदूत होते, त्यामुळे त्यांच्या मुलींच्या बालपणाची काही वर्षं सेंट पीटर्सबर्गला गेली. २६ डिसेंबर १७७४ ला दोन बहिणींची लग्नं एकाच दिवशी झाली, मोठी जेन दिली ॲथॉलच्या ड्यूकला, आणि धाकटी मेरी थॉमस ग्रॅहमला. हा ॲथॉलचा ड्यूक लक्षात ठेवा कारण राजकारणात तो पुन्हा येणार आहे. मेरी तेव्हा सतरा वर्षांची होती. लग्नानंतर गेन्सबरो या प्रसिद्ध इंग्रज चित्रकाराने तिचं पूर्णाकृती पोर्ट्रेट रंगवलं, ते आज एडिंबरोच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि त्या गॅलरीतलं सगळ्यात प्रसिद्ध चित्र म्हणून ओळखलं जाणाऱ्या मोजक्या चित्रांपैकी एक आहे.

मेरीची तब्येत सुरुवातीपासून नाजूक. क्षय. तेव्हा यावर औषध नव्हतं, डॉक्टर एकच सांगायचे, थंडी सोडा आणि दक्षिणेकडे जा, म्हणून हे जोडपं पोर्तुगालला राहिलं, नंतर फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याला गेलं. या फिरण्यात ग्रॅहमला त्या भागातल्या भाषा यायला लागल्या, वाटा-खिंडी माहीत झाल्या, लोक माहीत झाले, आणि पुढे सेनापती म्हणून त्याच मुलखात गेल्यावर ते सगळं उपयोगी पडलं.

२६ जून १७९२ ला मेरी गेली, वय पस्तीस, फ्रान्सच्या दक्षिणेला इयेरजवळ समुद्रात बोटीवरच. मूलबाळ नव्हतं. ग्रॅहमने ठरवलं की तिला स्कॉटलंडमध्येच पुरायचं, म्हणून शवपेटी घेऊन तो फ्रान्स ओलांडायला निघाला. पण १७९२ चा उन्हाळा म्हणजे फ्रान्समध्ये क्रांती ऐन भरात होती, राजा नावापुरता उरला होता, ऑस्ट्रियाशी युद्ध सुरू झालेलं, गावोगाव हत्यारबंद स्वयंसेवक फिरत होते आणि प्रत्येक परक्या माणसावर संशय. टूलूजजवळ अशाच दारू प्यायलेल्या टोळक्याने त्याला अडवलं आणि झडतीच्या नावाखाली ती शवपेटी फोडून उघडली.

यावर मी जास्त लिहीत नाही. कुणालाही कळेल त्या माणसाचं काय झालं असेल. तो आधी व्हिग होता, म्हणजे राजापेक्षा पार्लमेंटला मानणाऱ्या गटातला, आणि व्हिग मंडळींपैकी बऱ्याच जणांना फ्रेंच क्रांतीबद्दल सुरुवातीला सहानुभूती होती. त्या दिवसानंतर क्रांतिकारी फ्रान्स हा त्याचा वैयक्तिक शत्रू झाला. मेरीला त्याने पर्थशायरमध्ये मेथव्हेनच्या चर्चच्या आवारात पुरलं, वर समाधी बांधली, आणि गेन्सबरोचं ते पोर्ट्रेट गुंडाळून लंडनमध्ये कुणाकडे तरी ठेवून दिलं. ते त्याने परत कधीच बघितलं नाही असं सांगतात.

१७९३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सचं युद्ध सुरू झालं. फ्रान्समधलं टूलाँ हे मोठं आरमारी बंदर, तिथल्या राजनिष्ठ लोकांनी शहर ब्रिटिश ॲडमिरल हूडच्या ताब्यात दिलं आणि क्रांतीच्या सैन्याने त्याला वेढा घातला. ग्रॅहम तिथे गेला तो लॉर्ड मलग्रेव्ह या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याचा मदतनीस म्हणून, पगार नाही, हुद्दा नाही. आपल्याकडच्या शब्दात सांगायचं तर शिलेदार, घोडा आपला, हत्यार आपलं, खर्च आपला. पहिल्याच लढायांमध्ये तो बंदूक उचलून रांगेत पुढे गेला, मलग्रेव्हने त्याचं जाहीर कौतुक केलं. समोरच्या फ्रेंच बाजूला तोफखान्यावर नेपोलियन बोनापार्ट नावाचा एक तरुण अधिकारी होता, त्याचंही नाव पहिल्यांदा मोठं झालं ते टूलाँमध्येच. डिसेंबरमध्ये ब्रिटिशांना शहर सोडून पळावं लागलं.

इथून आता ती पद्धत समजून घ्यायची.

त्या काळी ब्रिटिश सैन्यात अधिकारी व्हायचं तर बहुतेक वेळा पद विकत घ्यायचं. लाच नाही हं, अगदी सरकारमान्य दरपत्रक होतं. पायदळात सगळ्यात खालचं एन्साइनचं पद ४०० पौंड, कॅप्टन १,५०० पौंड, लेफ्टनंट कर्नल ३,५०० पौंड. वरच्या माणसाने जागा सोडली की खालच्याने फरक भरायचा आणि वर चढायचं, रिटायर होताना आपलं पद विकून पैसे परत. वेलिंग्टनसुद्धा असाच चोवीस-पंचविसाव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल झाला, भावाने पैसे दिले होते. सरकारला हे सोयीचं होतं कारण पेन्शन द्यावी लागत नव्हती, आणि सत्ताधारी वर्गाला याहून सोयीचं, कारण पैसेवाले जमीनदारच अधिकारी होणार म्हणजे सैन्य कधी त्यांच्यावर उलटणार नाही असा हिशोब.

पण ग्रॅहमचं वय चव्वेचाळीस-पंचेचाळीस, तो खालून एकेक पायरी विकत घेत बसला असता तर साठीत कॅप्टन झाला असता. त्याच्यासाठी दुसरी वाट होती. युद्ध पेटलं की सरकारला एकदम खूप माणसं लागायची, आणि भरतीची यंत्रणा तर काहीच नव्हती, मग सरकार एखाद्या मोठ्या जमीनदाराला पत्र द्यायचं, की बाबा तू तुझ्या नावावर, तुझ्या ओळखीवर, बराचसा तुझ्या पैशावर अमुक इतकी माणसं उभी कर, त्या बदल्यात तू त्यांचा कर्नल आणि खालचे अधिकारी कोण हेही बरंचसं तूच सुचव. १७९४ च्या फेब्रुवारीत ग्रॅहमला असं पत्र मिळालं आणि काही महिन्यांत ९० वी पलटण उभी राहिली, पर्थशायर व्हॉलंटियर्स. व्हॉलंटियर हे नावात, प्रत्यक्षात किती जण आपणहून आले आणि किती जण लेअर्डने सांगितलं म्हणून, भरतीच्या रोख रकमेसाठी किंवा घरात खायला नाही म्हणून आले हे सांगणं अवघड आहे, पण स्कॉटलंडचा तो काळ बघितला तर दुसरी बाजू कमी नसणार असं मला वाटतं. ज्याची जमीन आपण कसतो त्याच्या शब्दाला नाही म्हणणं कोणत्याही देशात सोपं नसतं.

एक गोष्ट मात्र त्याने पारखून केली. टूलाँला त्याला रोलंड हिल नावाचा एकविशीतला तरुण भेटला होता, त्याला त्याने आपल्या पलटणीत वरचं पद दिलं, आणि हा हिल पुढे वेलिंग्टनचा सगळ्यात भरवशाचा सेनापती आणि १८२८ मध्ये अख्ख्या ब्रिटिश सैन्याचा प्रमुख झाला.

आता राजकारण. त्याच १७९४ मध्ये पर्थशायरचा खासदार जेम्स मरे वारला आणि त्या जागी ग्रॅहम निवडून आला. निवडून आला म्हणताना डोळ्यासमोर आजच्यासारख्या रांगा आणू नका. मतदानाच्या कायद्यातल्या १८३२ च्या सुधारणेच्या आधी सगळ्या स्कॉटलंडमध्ये मिळून मतदार होते पाच हजारांच्या आत. परगण्यात मत कुणाला, तर जो थेट राजाकडून ठराविक किमतीची जमीन धरून आहे त्याला. आणि गंमत अशी की कायद्याने मत हे प्रत्यक्ष जमिनीला नव्हतं तर जमिनीवरच्या कागदी वरिष्ठ हक्काला होतं, त्यामुळे मोठे सरदार काय करायचे की जमीन स्वतःकडे ठेवायची आणि तो कागदी हक्क तुकडे करून आपल्या भावांना, जावयांना, वकिलांना वाटायचा, की झाले तेवढे नवे मतदार तयार. एका परगण्यात शे-दीडशे मतं, त्यातली अर्धी कुणाच्या तरी खिशात. ग्रॅहम तरुणपणी एकदा याच जागेसाठी ॲथॉल घराण्याविरुद्ध उभा राहिला होता आणि थोडक्यात पडला होता. आता मात्र तो ड्यूकचा साडू होता, युद्धातून नाव करून आलेला होता, परगण्यातली माणसं घेऊन पलटण काढलेला होता. १७९४ ते १८०७ तो खासदार राहिला, आणि यातली बरीच वर्षं तो लंडनमध्ये नव्हताच, परदेशात कुठल्या ना कुठल्या मोहिमेवर होता. तेव्हा त्यात कुणाला गैर वाटत नव्हतं. १८०७ मध्ये ती जागा गेली कुणाकडे, तर ॲथॉलच्या ड्यूकच्या मुलाकडे, म्हणजे मेरीच्या सख्ख्या बहिणीच्या मुलाकडे. एवढ्या छोट्या वर्तुळात सगळं चाललेलं असायचं.

मग इतकं सगळं जवळ असताना सैन्यात तरी त्याला लगेच मान मिळाला का? नाही, आणि इथे त्याच पद्धतीची दुसरी बाजू दिसते. सैन्याच्या मुख्यालयाचं म्हणणं, तू कर्नल आहेस ते तुझ्या पलटणीपुरता, तात्पुरता, पलटण मोडली की तू पुन्हा साधा नागरिक. बाकीचे अधिकारी तीस-तीस वर्षं घासून आलेत, त्यांच्या डोक्यावर तुला कायमचा हुद्दा देणार नाही. ग्रॅहम पंधरा वर्षं हा हुद्दा मागत राहिला, ओळखीतले बडे लोक मध्ये घातले, आणि पंधरा वर्षं नकार ऐकत राहिला. एखादा चिडून घरी गेला असता, इस्टेट तर होतीच.

तो गेला नाही. १७९६ मध्ये त्याला ब्रिटनतर्फे निरीक्षक म्हणून इटलीत ऑस्ट्रियन सैन्याबरोबर पाठवलं, आणि ऑस्ट्रियन सेनापती व्हुर्मझरबरोबर तो मँटुआच्या किल्ल्यात अडकला, बाहेर नेपोलियनचा वेढा. आत अन्न संपत आलेलं, ताप पसरलेला, लोक घोडे मारून खात होते. बाहेरच्या ऑस्ट्रियन फौजेला आतली परिस्थिती कळवणं गरजेचं होतं. डिसेंबरच्या शेवटी, अठ्ठेचाळीस वर्षांचा हा माणूस रात्री बोटीने बाहेर पडला, वेष बदलून, रात्री चालायचं आणि दिवसा लपायचं असं करत बर्फ, चिखल, नद्या तुडवत फ्रेंच पहाऱ्यांमधून निसटून ऑस्ट्रियन सेनापती आल्विन्त्सीच्या छावणीत पोचला. निरोप पोचला, पण उपयोग झाला नाही, आल्विन्त्सी जानेवारीत रिव्होलीला हरला आणि २ फेब्रुवारी १७९७ ला मँटुआ पडलं.

नंतर माल्टा. तिथे व्हॅलेटाच्या किल्ल्यात फ्रेंच कोंडून बसले होते आणि बाहेर माल्टाचे लोक स्वतःच उठाव करून त्यांना घेरून बसले होते. ग्रॅहमकडे थोडीशी ब्रिटिश फौज, तेवढ्यात किल्ल्यावर हल्ला करणं म्हणजे आत्महत्या, म्हणून त्याने नाकेबंदी घट्ट केली, माल्टाच्या माणसांची एक पलटण तयार केली आणि फ्रेंचांना भुकेने शरण यायला लावायचं ठरवलं. सप्टेंबर १८०० मध्ये फ्रेंच शरण आले, पण तोवर त्याच्या वर दुसरा जनरल येऊन बसला होता, त्यामुळे शरणागती घेणारा तो नव्हता. तात्पुरत्या हुद्द्याचं हेच, काम तुम्ही करा, सही दुसरा करेल.

हुद्द्याचा प्रश्न शेवटी सुटला तो एका मेलेल्या मित्रामुळे. १८०८ मध्ये सर जॉन मूर या स्कॉटिश सेनापतीने ग्रॅहमला सोबत घेतलं, आधी स्वीडन मग स्पेन. स्पेनमध्ये नेपोलियन स्वतः उतरला, मूरला भर हिवाळ्यात डोंगरातून कोरुन्याच्या बंदरापर्यंत माघार घ्यावी लागली, आणि जानेवारी १८०९ मध्ये तिथल्या लढाईत मूर तोफगोळा लागून गेला. ग्रॅहमला त्याचा हक्काचा हुद्दा द्यावा ही मूरची इच्छा होती, ती मुख्यालयापर्यंत पोचवली गेली, आणि मेलेल्या वीराची इच्छा कोण मोडणार. साठाव्या वर्षी ग्रॅहम कायमचा मेजर जनरल झाला. मला या सगळ्या आयुष्यात ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण पैशाने आणि जमिनीने त्याला दारापर्यंत आणलं हे खरं, पण दार उघडलं ते सोबत लढलेल्या माणसाच्या शब्दाने.

आता त्याची स्वतःची लढाई, बारोसा. १८१० पासून स्पेनच्या दक्षिण टोकाला कादीझ शहराला फ्रेंचांचा वेढा होता. कादीझ का महत्त्वाचं, तर जवळजवळ सगळा स्पेन नेपोलियनच्या ताब्यात गेलेला असताना स्पेनचं स्वतंत्र सरकार आणि त्यांची संसद, कोर्तेस, तिथे तग धरून होती. ग्रॅहम तिथल्या ब्रिटिश फौजेचा प्रमुख. १८११ च्या सुरुवातीला ठरलं की जहाजांनी दूर जाऊन उतरायचं आणि वेढा घालणाऱ्या मार्शल व्हिक्टरवर पाठीमागून पडायचं. स्पॅनिश सेनापती ला पेन्याची फौज मोठी म्हणून एकी टिकावी यासाठी ग्रॅहम त्याच्या हाताखाली लढायला तयार झाला.

५ मार्च १८११. रात्रभर चालून फौज थकलेली. समुद्रकिनाऱ्याला लागून बारोसाची टेकडी, आतल्या बाजूला पाइनचं जंगल. ला पेन्याचा हुकूम आला की टेकडी सोडा आणि जंगलातून पुढे या. ग्रॅहमला ते पटलेलं नव्हतं, पण निघाला. आणि जंगलात असतानाच खबर आली की फ्रेंचांच्या दोन डिव्हिजन मागून येतायत, एक टेकडी घेतेय आणि दुसरी जंगलाच्या बाजूने. तसंच पुढे गेलो तर सगळी फौज समुद्र आणि फ्रेंच यांच्यात चेपली जाणार. ला पेन्याला विचारायला वेळ नव्हता. ग्रॅहमने जंगलातच सगळी रांग उलटी फिरवली आणि जी तुकडी हाताशी आली ती तशीच हल्ल्याला पाठवली. टेकडीवर पहिल्यांदा चढली ती मेजर ब्राउनची पाचशेच्या आसपास माणसांची तुकडी, समोर कितीतरी पट फ्रेंच आणि तोफा, पहिल्या काही मिनिटांतच निम्मी माणसं पडली. पण त्या पाचशे माणसांनी जो वेळ दिला त्यात मागची फौज रांगेत उभी राहिली. ग्रॅहम स्वतः पुढे होता, त्याच्या खालचा घोडा मेला. वय बासष्ट.

दोनेक तासांत फ्रेंच मागे हटले. ग्रॅहमची पाच हजार माणसं, त्यातली बाराशेहून जास्त मेली किंवा जखमी, फ्रेंचांची दोन हजारांच्या वर. ८७ व्या आयरिश पलटणीच्या सार्जंट पॅट्रिक मास्टरसनने फ्रेंचांच्या ८ व्या रेजिमेंटचा गरुड पकडला, हे नेपोलियनने स्वतःच्या हाताने रेजिमेंटांना दिलेलं मानचिन्ह, आणि या स्पेनच्या युद्धात ब्रिटिशांनी लढाईत हिसकावून घेतलेला तो पहिला गरुड. आणि ला पेन्या? तो आपली फौज घेऊन किनाऱ्यावर थांबून राहिला, लढाईत उतरलाच नाही. चिडलेला ग्रॅहम माणसं घेऊन सरळ परत गेला, त्यामुळे कादीझचा वेढा उठलाच नाही, तो उठला पुढच्या वर्षी वेलिंग्टनने सालामांका जिंकल्यावर. स्पेनच्या संसदेने ग्रॅहमला सरदारकी देऊ केली, त्याने ती घेतली नाही.

या लढाईची एक विचित्र आठवण जगाच्या दुसऱ्या टोकाला आहे. ऑस्ट्रेलियातली वाइनसाठी प्रसिद्ध असलेली बरोसा व्हॅली, आणि तिथलं लिनडॉक गाव, ही दोन्ही नावं १८३७ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाचा सर्व्हेअर कर्नल विल्यम लाइट याने दिली. लाइट स्वतः स्पेनच्या युद्धात लढलेला होता. ॲडलेडला किंवा मेलबर्नला राहणारी आपली पुष्कळ मराठी मंडळी सुट्टीत तिथे जातात, त्यांना आता माहीत असेल हे नाव कुठून आलं.

१८१३ मध्ये वेलिंग्टनने त्याच्यावर मोठी जबाबदारी टाकली. फ्रेंच दुएरो नदीच्या काठाने वाट अडवून बसले होते, तर ग्रॅहमने चाळीस हजारांची फौज, तोफा सगळं घेऊन उत्तर पोर्तुगालच्या डोंगरातून, जिथून फौज येईल असं कुणाला वाटत नव्हतं तिथून, फ्रेंचांच्या बगलेवर यायचं. तो आला. आणि २१ जूनला व्हिटोरियाच्या लढाईत त्याच्याच डाव्या फळीने फ्रान्सकडे जाणारा मुख्य रस्ता तोडला, त्यामुळे फ्रेंचांना तोफा आणि खजिना टाकून पळावं लागलं.

आणि यानंतर येतं सान सेबास्टियन. ग्रॅहमवर प्रेमाने लिहिणारे लोक हा भाग पटकन उरकतात, तसं करणं मला बरोबर वाटत नाही. समुद्राकाठचं हे बास्क शहर फ्रेंचांच्या ताब्यात होतं, वेढ्याचा प्रमुख ग्रॅहम. जुलैचा पहिला हल्ला फसला. ३१ ऑगस्ट १८१३ ला दुसरा. तटाला पडलेल्या खिंडाराशी माणसं अडकून मरत होती तेव्हा ग्रॅहमने एक अतिशय धाडसी हुकूम दिला, तोफांनी आपल्याच माणसांच्या डोक्यावरून, थोडं वर, तटावरच्या फ्रेंचांवर मारा करायचा. जरा नेम चुकला असता तर आपलीच माणसं मेली असती. नेम बरोबर बसला, फ्रेंचांचा दारूगोळा पेटला आणि फौज आत घुसली. हल्ल्यात दोन हजारांहून जास्त ब्रिटिश-पोर्तुगीज माणसं पडली.

आणि मग आत गेलेल्या सैनिकांनी शहर लुटलं. हे शहर शत्रूचं नव्हतं, मित्र देशाचं होतं, लोक सुटका करणाऱ्यांची वाट बघत होते. खून, बलात्कार, लूट, हे दिवसेंदिवस चाललं, आणि आगीत जवळजवळ सगळं शहर जळून गेलं. एक रस्ता तेवढा वाचला, त्याचं नाव आज ३१ ऑगस्टचा रस्ता असं आहे आणि दरवर्षी त्या दिवशी शहरात मेणबत्त्या लावून आठवण काढतात. आग फ्रेंचांनी लावली असं म्हणत वेलिंग्टनने आरोप फेटाळले. शिपायांना आवरणं त्या गोंधळात कुणाच्या हातात होतं यावर वाद होऊ शकतो. पण ज्या माणसाचं आयुष्य दारू प्यायलेल्या हत्यारबंद टोळक्याने एका शवपेटीची विटंबना केली म्हणून बदललं, त्याच माणसाच्या हुकमाखालच्या फौजेने एका अख्ख्या शहरातल्या बायकापोरांचं हे केलं, ही गोष्ट मला त्याच्या कुठल्याही विजयापेक्षा जास्त लक्षात राहते, आणि त्याचं चरित्र सांगताना ती सोडता येत नाही.

शेवटची मोहीम तर हरलेलीच होती. मार्च १८१४ मध्ये हॉलंडमधल्या बर्गेन-ऑप-झूमच्या किल्ल्यावर त्याने रात्री चार बाजूंनी हल्ला केला, माणसं तटावर चढलीसुद्धा, पण अंधारात तुकड्यांचा एकमेकींशी संबंध तुटला, अधिकारी पडले, सकाळी फ्रेंचांनी उलटा हल्ला करून दोन हजारांच्या वर माणसं कैद केली. तरी त्याच वर्षी त्याला लॉर्ड केलं, बालगोवनचा बॅरन लिनडॉक. अशा पदवीबरोबर सरकार वर्षाला २,००० पौंड पेन्शन द्यायचं, ती त्याने नाकारली. त्याला तिची गरज नव्हती.

पुढे जवळजवळ तीस वर्षं तो जगला. लष्करी अधिकाऱ्यांना लंडनमध्ये भेटायला जागा हवी म्हणून युनायटेड सर्व्हिस क्लब सुरू करण्यात त्याचा पुढाकार होता. डोळ्यांचा त्रास स्पेनपासूनच होता, त्यावर ऑपरेशनं झाली, आणि भूल देण्याच्या औषधांच्या आधीचा तो काळ होता हे लक्षात घ्या. दुसरं लग्न केलं नाही. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरिया पहिल्यांदा स्कॉटलंडला आली तेव्हा हा त्र्याण्णव वर्षांचा म्हातारा स्वित्झर्लंडमध्ये होता, तिथून धावतपळत एडिंबरोला आला. १८ डिसेंबर १८४३ ला लंडनमध्ये गेला आणि मेथव्हेनला मेरीच्या समाधीत त्याला ठेवलं.

मूल नसल्यामुळे लॉर्डची पदवी त्याच्याबरोबरच संपली आणि इस्टेट रॉबर्ट ग्रॅहम या नातेवाइकाकडे गेली. गेन्सबरोचं पोर्ट्रेट पन्नास वर्षांनी बाहेर आलं, आणि १८५९ मध्ये रॉबर्टने ते गॅलरीला देताना अट घातली की हे चित्र स्कॉटलंडच्या बाहेर कधीही न्यायचं नाही. ९० वी पलटण १८५७ मध्ये हिंदुस्थानात आली, लखनौला लढली, १८८१ मध्ये दुसऱ्या एका पलटणीशी जोडून तिची कॅमेरोनियन्स झाली आणि १९६८ मध्ये तीही बंद झाली. कागदी हक्कावर मतदार तयार करायची पद्धत १८३२ मध्ये गेली, म्हणजे ती जाताना ग्रॅहमने स्वतः बघितली, आणि सैन्यातली पदं विकत घ्यायची पद्धत १८७१ मध्ये कायमची बंद झाली.